सगळं करणारं यंत्र गेम धड खेळवतं का?

(हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

००:०० – आजचा प्रश्न

लोकलच्या दारात उभे असाल, होस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत असाल, नाहीतर आईने पुढ्यात ठेवलेले मटार सोलत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुमच्या खिशातच आहे. ज्या यंत्रावर तुम्ही मला ऐकताय, त्याच्यावरच तुम्ही फोटो काढता, पैसे पाठवता, लेक्चर बघता, आणि रात्री साडेअकराला ‘एकच मॅच’ म्हणून बसता ते दीड वाजता उठता. तर प्रश्न असा: दहा कामं करणारं हातातलं यंत्र गेम खेळवण्यात कमी पडतं का? की फक्त गेमसाठी बनवलेलं हँडहेल्ड तेच खरं, बाकी सगळी हौस?

आपल्याकडे याला तयार उत्तर आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून टाकलं की विषय संपला. पण विषय संपवायच्या आधी जरा स्वयंपाकघरात चला. आजीची विळी आठवा. खाली पाट, मधे पातं, आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी. एकाच वस्तूवर भाजी चिरायची आणि नारळही खवायचा. खवणी लावली म्हणून विळीवर भाजी नीट चिरली जात नाही, असं कुणी म्हणतं का? नाही. कारण दोन्ही कामांची बैठक एकच. पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे, चिरायची वस्तू पात्याकडे न्यायची. कामं दोन आहेत, पण ती आपसात भांडत नाहीत.

मला वाटतं, गेमिंगच्या यंत्रांकडेही असंच बघायला हवं. कामं किती, हे मोजून काही कळत नाही. त्या कामांचं भांडण होतं का, आणि झालं तर यंत्र कुणाची बाजू घेतं, हे बघायचं. भांडणाच्या जागा मुख्यतः तीन: हात, गरमी आणि लक्ष. आता एकेक यंत्र घेऊन बघू.

०२:४० – फक्त गेमवालेही तडजोड करतातच

आधी एक गैरसमज दूर करू. ‘फक्त गेमसाठी’ म्हटलं की तडजोड नाही, असं अजिबात नसतं.

१९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. त्याचा स्क्रीन हिरवट, त्यात रंगाच्या फक्त चार छटा, आणि आतून लाइट नाही. दिव्याखाली बसून खेळायचं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सेगाचं गेम गियर आलं. रंगीत स्क्रीन, मागून लाइट, दिसायला एकदम झकास. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते पंधरा तासांच्या आसपास चालायचे. गेम गियरला सहा सेल लागायचे आणि तीन ते पाच तासांत त्यांचा बाजार उठायचा.

जिंकलं कोण? गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. गेम गियर साधारण एक कोटीवर थांबलं. याला बॅटरी हे एकच कारण नव्हतं, टेट्रिससारखे गेमही होते. पण गेम बॉय बनवणाऱ्या गुनपेई योकोई यांचा विचारच तसा होता. जुनं, स्वस्त, पूर्ण मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. त्यांनी रंग सोडला, लाइट सोडला, आणि त्या बदल्यात वेळ घेतला. प्रवासात खेळणाऱ्या पोराला रंगापेक्षा वेळ जास्त हवा होता.

म्हणजे तडजोड इथेही आहे. फक्त ती गेम खेळणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

०५:१० – हातांचं भांडण: नोकिया एन-गेज

आता पहिलं मोठं भांडण. ऑक्टोबर २००३. नोकियाचा तेव्हा जगभर दबदबा होता. फोनवरच्या ‘स्नेक’ने कोट्यवधी लोकांना गेमची चटक लावलेली. नोकियाने विचार केला, पोरांच्या एका खिशात फोन आणि दुसऱ्या खिशात गेम बॉय, मग दोन्ही एकत्र का करू नये? त्यातून एन-गेज आलं. फोन, गेम, गाणी, एफएम रेडिओ, सगळं एकात. कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही. आज आपण सगळे तेच वापरतोय की!

पण हातात घेतल्यावर काय व्हायचं बघा. मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, म्हणजे धरायला गेमसारखं आडवं. पण स्क्रीन मात्र उभा, फोनसारखा. त्यामुळे गाडी चालवायच्या गेममध्ये डावं-उजवं पुरेसं दिसायचं नाही. फोनवर बोलायचं तर स्पीकर आणि माइक चक्क कडेवर. म्हणजे अख्खं यंत्र कानाला आडवं लावून, त्याची कड गालाशी धरून बोलायचं. तिकडे लोकांनी त्याला टॅको म्हणून चिडवलं. आपल्याकडे असतं तर करंजी म्हणाले असते.

आणि सगळ्यात कहर गेम बदलताना. गेमचं कार्ड बॅटरीच्या मागे! मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड बदला, बॅटरी लावा, झाकण लावा, फोन चालू करा. एक गेम बंद करून दुसरा लावायला एवढा खटाटोप. वर किंमत २९९ डॉलर, जेव्हा निन्टेन्डोचं गेम बॉय ॲडव्हान्स एसपी साधारण १०० डॉलरला मिळत होतं.

इथे भांडण दोन कामांचं होतं आणि यंत्राने बाजू कुणाचीच नीट घेतली नाही. बोलणाराही वैतागला, खेळणाराही वैतागला. खरी चिंधी ती ही.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, नोकियाने एन-गेज क्यूडी काढलं. कार्डाची खाच बाहेरून आली, बोलायचा स्पीकर समोर आला, पण एमपी३ गाणी आणि रेडिओ गेले. म्हणजे नोकियालाही कळलं होतं की काहीतरी सोडल्याशिवाय गेम धड होणार नाही. तोवर नाव मात्र खराब झालं होतं.

०८:३० – सिनेमावालं हँडहेल्ड: पीएसपी

आता याच्या उलट उदाहरण. डिसेंबर २००४, जपान. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे आपलं पीएसपी. सोनीने हे विकताना गेमइतकाच सिनेमाचाही गाजावाजा केला. यूएमडी नावाच्या छोट्या डिस्कवर गेमही यायचे आणि सिनेमेही. गाणी, फोटो, नंतर ब्राउझर, सगळं होतं.

मग सिनेमामुळे गेमचं नुकसान झालं का? माझं मत, फारसं नाही. सिनेमा बघायला ४.३ इंचांचा रुंद स्क्रीन हवा, आडवा धरायचा. गेमलाही तेच हवं. विळी आणि खवणी! स्टुडिओंनी दोनेक वर्षांत यूएमडीवरच्या सिनेमांमधून अंग काढून घेतलं, पण तो रुंद स्क्रीन गेमच्या कामी येतच राहिला.

पीएसपीची खरी दुखणी वेगळीच होती. एक, प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झवर चालू शकत होता, पण सुरुवातीची जवळपास अडीच वर्षं सोनीने गेमना २२२ मेगाहर्ट्झचीच परवानगी दिली. बॅटरी पुरावी म्हणून. २००७ च्या एका अपडेटनंतर पूर्ण वेग खुला झाला. दोन, उजव्या अंगठ्यासाठी दुसरी स्टिकच नव्हती. थ्रीडी गेममध्ये डाव्या अंगठ्याने पळायचं की कॅमेरा फिरवायचा? जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ खेळणाऱ्यांनी यावर उपाय काढला. अंगठा स्टिकवर आणि त्याच हाताची तर्जनी वरून वाकवून बाणांच्या बटणांवर. खेकड्याच्या नांगीसारखा हात.

ओळखीचं वाटतंय? बरोब्बर. पबजी आणि बीजीएमआय खेळताना आपण ज्याला ‘क्लॉ’ म्हणतो, त्याचाच हा मोठा भाऊ. यंत्रात काही कमी असलं की माणसाची बोटं ती भरून काढतात. फक्त त्याची किंमत मनगट देतं, हेही ध्यानात असू द्या.

१२:०० – आपला फोन: तिन्ही भांडणं एकाच खिशात

आता घरचंच प्रकरण घेऊ. फोन.

हातापासून सुरू करते. फोनचा स्क्रीन हाच कंट्रोलर. म्हणजे ज्या काचेतून बघायचं, तिच्यावरच दोन अंगठे. शत्रू डावीकडे खाली आला की अंगठ्याखाली झाकला जातो. काचेवर बटण हाताला लागत नाही, म्हणून बोट सरकलंय हे मेल्यावर कळतं. हात घामेजले की बोट अडखळतं. म्हणूनच बाजारात अंगठ्याला घालायचे ते पातळ कापडी टोपणासारखे स्लीव्ह आले, वरच्या कडेला अडकवायचे ट्रिगर आले. मी तर म्हणते, एखाद्या यंत्रात काय कमी आहे हे बघायचं असेल तर त्याच्यासाठी रस्त्यावर काय विकायला येतं ते बघा.

दुसरं, गरमी. फोन पातळ असायला हवा, पाण्यापासून वाचायला हवा, खिशात मावायला हवा. या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्यामुळे बहुतेक फोनमध्ये आत पंखा बसत नाही. चिप तापली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. त्यामुळे पहिली काही मिनिटं गेम लोण्यासारखा चालतो आणि नंतर फ्रेम पडायला लागतात. फोन फारच तापला तर स्क्रीनचा उजेडही आपोआप कमी होतो. त्यात चार्जर लावून खेळलात तर बॅटरीची गरमी वेगळी. जाहिरातीतला वेग बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांचा असतो. मॅच मात्र अर्धा तास चालते.

तिसरं भांडण मला सगळ्यात मोठं वाटतं. लक्ष. शेवटचं वर्तुळ आहे, तिघं उरलेत, आणि मावशीचा फोन येतो. फोनच्या दृष्टीने फोन आला ही सगळ्यात महत्त्वाची घटना आहे, आणि ते बरोबरच आहे! तो आधी फोन आहे. ओटीपी, ग्रुपवरचे मेसेज, डिलिव्हरीवाला, सगळे गेमच्या डोक्यावरून येतात. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावता येतं, हो. पण बाबा बाहेरगावी असताना ते लावायचं धाडस किती जण करतात?

आणि याहून खोल एक गोष्ट आहे. फोन सगळ्यांकडे असतो, पण तो कुणी गेमसाठी घेतलेला नसतो. त्यामुळे गेम बनवणारा दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, समोरच्याकडे बटणं नाहीत, आणि फोन आठ हजारांचाही असू शकतो. म्हणून नेम आपोआप लागायला मदत, आपोआप पळणं, कमी बटणांत भागेल असा खेळ. दोन, समोरचा आधी पैसे देणार नाही. म्हणून गेम फुकट, आणि मग रोजची बक्षिसं, जाहिराती, नवीन पोशाख, ‘तुमची आठवण येतेय’ अशा नोटिफिकेशन. हँडहेल्डवरचा गेम एकदा पैसे घेतो आणि गप्प बसतो. फोनवरचा फुकट गेम दिवसभर हाका मारतो. फोनमधली खरी तडजोड हार्डवेअरमध्ये जेवढी आहे, त्याहून जास्त ती गेम कसा बनवला जातो यात आहे. नुसता महागडा फोन घेऊन ही तडजोड जात नाही.

१७:२० – पण फोनची बाजूही ऐका

एवढं ऐकून फोन बिचारा वाटायला लागला असेल, तर थांबा.

२०१६ चा ‘पोकेमॉन गो’ घ्या. भारतात तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अधिकृतपणे आला. हा गेम फक्त गेमसाठी बनवलेल्या हँडहेल्डवर झालाच नसता. त्याला जीपीएस हवं, नेट हवं, कॅमेरा हवा, आणि यंत्र दिवसभर तुमच्याबरोबर फिरायला हवं. फोन इतर कामं करतो, म्हणूनच हा गेम शक्य झाला.

किंवा आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचं ‘लुडो किंग’. तेही २०१६ चंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते घराघरांत खेळलं गेलं. पुण्यातली नात आणि साताऱ्याची आजी एकाच पटावर. त्याला ना पंखा लागतो, ना दुसरी स्टिक. बुद्धिबळ, कोडी, शब्दांचे खेळ, पत्ते यांत बोट लावून सोंगटी सरकवणं बटणापेक्षा जास्त नैसर्गिक आहे. यात फोन तडजोड करत नाही. उलट महागडं हँडहेल्डच तिथे अवघडल्यासारखं वाटतं.

म्हणजे ‘गेम’ हा एकच शब्द वापरून आपण चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. तुम्ही काय खेळता, त्यावर अर्धं उत्तर ठरतं.

१९:४५ – कॉम्प्युटर हातात मावतो तेव्हा

आता नवीन जमात. हातात मावणारे पीसी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक आलं. आत ते पूर्ण कॉम्प्युटर आहे. लिनक्सवर चालतं, डेस्कटॉप मोडमध्ये गेलात तर ब्राउझर, फाइल्स, सगळं आहे. पण चालू केल्यावर समोर काय येतं? तुमचे गेम. मधेच आई जेवायला हाक मारते, पॉवरचं बटण दाबा, यंत्र झोपलं. जेवून या, परत दाबा, त्याच जागी उभे. स्क्रीन १२८० बाय ८०० चाच ठेवला, जास्त बारीक पिक्सेलच्या मागे लागले नाहीत, कारण चिपवर ताण नको आणि बॅटरी पुरायला हवी. माउस लागणाऱ्या गेमसाठी दोन्ही अंगठ्यांखाली टचपॅड दिले. गेम बॉयची आठवण येते ना? तडजोड आहे, पण खेळणाऱ्याच्या बाजूने.

२०२३ मध्ये एसुसचं आरओजी ॲलाय आलं, विंडोज ११ घेऊन. भारतातही ते अधिकृतपणे मिळू लागलं, सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये. चिप जास्त ताकदवान, स्क्रीन १०८०पी आणि १२० हर्ट्झ. कागदावर सरस. पण विंडोज बनलंय टेबलावरच्या माउस-कीबोर्डसाठी. सात इंचांवर ती बारीक फुली अंगठ्याने दाबायची, लॉगिन करायचं, अपडेट बघायचे, दुकानांचे लाँचर एकावर एक उघडायचे. झोपवलं तर उठेलच याची खात्री कमी. कॉम्प्युटर आणि गेम भांडले की विंडोज बाजू कॉम्प्युटरची घेतं.

हे नुसतं मत नाही, त्याची सरळ चाचणीच झाली. २०२५ मध्ये लेनोवोचं लीजन गो एस स्टीमओएससह बाजारात आलं, आणि तेच यंत्र विंडोजसहही मिळत होतं. लोकांनी तेच गेम दोन्हींवर चालवले. बऱ्याच गेममध्ये स्टीमओएसवर फ्रेम जास्त मिळाल्या. यंत्र तेच, चिप तीच, फरक फक्त मागे काय काय चालू आहे याचा. मायक्रोसॉफ्टनेही हे मान्य केल्यासारखंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स ॲलायवर चालू केल्यावर थेट गेमचा पूर्ण स्क्रीन येतो, आणि डेस्कटॉपची बरीच सामग्री लोडच होत नाही. त्यातून दोन जीबीपर्यंत मेमरी वाचते, असं कंपनी सांगते. म्हणजे ‘सगळं करता येतं’ याचं भाडं दोन जीबीपर्यंत होतं!

पण लगेच टाळ्या नकोत. विंडोज ठेवण्याचा फायदाही खणखणीत आहे. व्हॅलोरंट स्टीमओएसवर चालत नाही, फोर्टनाइटही नाही. त्यांचं फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालूच दिलं जात नाही. तुमची अख्खी गँग व्हॅलोरंट खेळत असेल, तर स्टीम डेकचं ते सुंदर झोपणं-उठणं घेऊन काय करणार?

२४:०० – दार बंद ठेवणारा: स्विच

एक उदाहरण राहिलं. मार्च २०१७ चं निन्टेन्डो स्विच. हेही दोन कामांचं यंत्र. हातात धरा, नाहीतर डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर खेळा. पण दोन्ही कामं गेमचीच. आलं तेव्हा त्यावर नेहमीसारखा ब्राउझर नव्हता, सिनेमा-व्हिडिओचं एकही ॲप नव्हतं. लोक हसले होते, २०१७ मध्ये यूट्यूब नाही?

‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ टीव्हीवर ९००पीपर्यंत चालतो, हातात ७२०पीवर. म्हणजे हातात घेतलं की ताकद कमी होते. पण हातातला स्क्रीनच ७२०पी, म्हणून डोळ्याला ते खुपत नाही. दोन कामांत जिथे भांडण होऊ शकलं असतं, तिथे आधीच वाटणी करून ठेवलेली. निन्टेन्डोने इतर कामांना दार लावून घेतलं, आणि १५ कोटींहून जास्त लोकांनी ते यंत्र घेतलं.

२६:१० – आणि आता पैशाचं बोलू

एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आलाय. सांगलीचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणतो, “ताई, सुट्टीत काम करून आणि थोडे घरून असे सत्तर हजार जमतील. हँडहेल्ड घ्यायचंय. पण नुसत्या गेमसाठी म्हटलं तर पप्पा दारात उभं करणार नाहीत. विंडोजवालं घेतलं तर अभ्यासाचा कॉम्प्युटर म्हणून सांगता येईल. बरोबर करतोय का?”

भावा, तुझ्या प्रश्नात आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे. आपल्याकडे घरात कॉम्प्युटर ‘अभ्यासासाठी’ येतो, स्मार्टफोन ‘ऑनलाइन क्लाससाठी’ येतो. गेम त्याच्या पाठीवर बसून आत येतो. बऱ्याच घरांत ‘बहुउद्देशीय’ असणं हा यंत्राचा दोष नाही, ते दारातून आत यायचं तिकीट आहे. फक्त गेमसाठी सत्तर हजार, हे किती घरांत बोलता तरी येईल? म्हणून जो फोनवर खेळतो त्याला ‘खरा गेमर नाही’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच्याकडे जे तिकीट होतं त्यावर तो आत आलाय.

पण हेच माप उलटंही लावायला हवं. सगळं करणारं यंत्र गेममध्ये तडजोड करतं का, हे आपण विचारतो. ते अभ्यासात तडजोड करतं का, हे कोण विचारणार? सात इंचांवर ऑटोकॅडचं ड्रॉइंग करून बघ. वेगळा मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हब, सगळं लागेल, आणि ते सत्तर हजारांच्या वर. शिवाय कॉलेजात उचलून नेता येणार नाही ते निराळंच. पप्पांना ‘अभ्यासाचा’ सांगून आणलेलं यंत्र अभ्यासात अडलं, तर पुढच्या वेळी तुझ्या शब्दाला वजन राहणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट उत्तर: तुझ्याकडे लॅपटॉप नसेल तर याच पैशात ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप बघ आणि सोबत एक साधा कंट्रोलर घे. दोन्ही कामं टेबलावरची, भांडण कमी. लॅपटॉप आधीच असेल तर मात्र हँडहेल्ड घे, आणि घरी खरं सांग की हे गेमसाठी आहे, माझ्या कमाईचं आहे. स्टीम डेक मनात असेल तर ते भारतात अधिकृतपणे विकलं जात नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जे मिळतं ते बाहेरून आणलेलं. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचार.

३०:३० – ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही त्यांच्यासाठी

आणि आता बाकीचे सगळे, ज्यांच्याकडे फोन आहे आणि फोनच राहणार आहे. तीन भांडणं सांगितली, तिन्हींत मध्यस्थी करता येते.

हातासाठी, फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारे टाइप-सी कंट्रोलर मिळतात. पण घेण्याआधी तुमचा गेम कंट्रोलर चालवू देतो का ते बघा. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल देतो. बीजीएमआय अधिकृतपणे देत नाही, आणि मधलं ॲप वापरून जुगाड केलात तर आयडीवर बंदी यायची शक्यता असते.

गरमीसाठी, खेळताना कव्हर काढा, चार्जर काढा. फोनमध्ये ‘बायपास चार्जिंग’ असेल तर ते चालू करा, म्हणजे वीज बॅटरीत न शिरता थेट फोनला मिळते. ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. पहिल्या मिनिटाला ९० आणि विसाव्या मिनिटाला ४० फ्रेम मिळण्यापेक्षा शेवटपर्यंत न हलणाऱ्या ६० कधीही बऱ्या.

लक्षासाठी, ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये घरच्या दोन-तीन नंबरांना परवानगी द्या आणि बाकीच्यांना बाहेर ठेवा. बाबांचा फोन येईल, लॉटरीवाल्याचा येणार नाही. आणि गेमच्या स्वतःच्या नोटिफिकेशन बंद करा. खेळायचं कधी हे तुम्ही ठरवा, गेमने बोलावलं म्हणून जाऊ नका. हे तिसरं काम फुकट आहे, दोन मिनिटांचं आहे, आणि महागड्या फोनपेक्षा जास्त फरक पाडतं.

तर मंडळी, भाराभर चिंध्या होतात हे खरं, पण प्रत्येक वेळी नाही. नवं यंत्र हातात घ्याल तेव्हा दुकानातच बघा: धरायला कसं वाटतं, अर्ध्या तासाने किती तापतं, आणि मधे कुणी हाक मारली तर ते आधी कुणाचं ऐकतं.

पुढच्या एपिसोडमध्ये जुन्या फोनची बॅटरी बदलावी की फोनच बदलावा, यावर बोलू. तोवर तुम्ही कशावर खेळता आणि कुठे अडता, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. मालवणीत पाठवा, वऱ्हाडीत पाठवा, अहिराणीत पाठवा, सगळं चालेल. आणि ते मटार झाले असतील सोलून, तर आता देऊन टाका आईकडे. भेटू!